डायर वुल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२५ मध्ये ‘नामशेष डायर वुल्फ परत आला’ म्हणून तीन पांढऱ्या पिल्लांचे फोटो जगभर फिरले आणि तेव्हापासून प्रश्नांची रीघ लागली आहे. काही शाळकरी मुलांचे, काही त्यांच्या आईबाबांचे, काही प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांचे. तेच ते पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. ओळीने वाचायलाच हवं असं नाही. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा. ‘प्रजाती’ हा शब्द वर्तमानपत्रं एका अर्थाने वापरतात आणि विश्वकोश दुसऱ्याच. तो घोळ नको म्हणून इथे ‘जात’ म्हणजे स्पीशीज आणि ‘वंश’ म्हणजे जीनस, एवढं धरून चाला.

१. डायर वुल्फ खरंच होऊन गेला की ती ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतली कल्पना आहे?

खरंच होऊन गेला. साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीपासून ते हिमयुग सरेपर्यंत अमेरिका खंडात वावरणारा, दिसायला लांडग्यासारखा मोठा शिकारी प्राणी. शास्त्रीय नाव एनोसायन डायरस. एनोसायन हा वंश आणि डायरस ही जात. गाजलेल्या मालिकेतले घोड्याएवढे लांडगे मात्र कथेतले. खरा डायर वुल्फ किती मोठा होता ते प्रश्न ३ मध्ये आहे, आणि ते वाचून बऱ्याच जणांची निराशा होते.

२. नावाचा अर्थ काय? मराठीत काय म्हणायचं?

लॅटिन ‘डायरस’ म्हणजे भयंकर. ग्रीक ‘ऐनोस’ म्हणजेही भयंकर आणि ‘क्युऑन’ म्हणजे कुत्रा. म्हणजे पूर्ण नावाचा अर्थ झाला ‘भयंकर भयंकर कुत्रा’. आपला ‘पिवळा पीतांबर’ तसलाच प्रकार.

त्यातला ‘क्युऑन’ आपल्याला परका नाही. संस्कृत ‘श्वन्’ आणि ग्रीक ‘क्युऑन’ हे एकाच प्राचीन मुळापासून आलेले शब्द आहेत, म्हणजे महापालिकेच्या पाटीवरचं ‘श्वान’ आणि एनोसायनमधलं ‘सायन’ ही लांबची भावंडं. मराठीत कुणी ‘भीषण लांडगा’ लिहितं, कुणी ‘महालांडगा’. मी डायर वुल्फच लिहितो, कारण ‘लांडगा’ म्हटलं की नातं गृहीत धरल्यासारखं होतं, आणि घोळ नेमका तिथेच आहे (प्रश्न ११).

३. केवढा होता? आपल्या लांडग्याशी तुलना करून सांगा.

पश्चिम अमेरिकेतला साधारण ६० किलोचा, पूर्वेकडचा थोडा थोराड, ६८ किलोच्या आसपास. हे सरासरीचे अंदाज. आज कॅनडा-अलास्काकडे असणारे सगळ्यात मोठे करडे लांडगे साधारण याच मापाचे भरतात. उंचीत फार फरक नव्हता. फरक होता बांध्यात. डोकं रुंद, जबडा जाड, दाढा मोठ्या, पाय त्या मानाने आखूड आणि भक्कम.

आपल्या माळरानावरचा लांडगा वीस-पंचवीस किलोचा. सोलापूर, नगरकडच्या धनगरांना मेंढरामागे येणारा जो दिसतो, त्याच्या जवळपास तिप्पट वजनाचा प्राणी डोळ्यांपुढे आणा. पण घोडा नाही, वासरूही नाही.

४. तो कुठे राहायचा? भारतात होता का?

भारतात नव्हता. उत्तरेला कॅनडाच्या आल्बर्टापासून दक्षिणेला व्हेनेझुएला, पेरू, बोलिव्हियापर्यंत त्याची हाडं सापडली आहेत. गवताळ मैदानं, डोंगरउतार, विरळ जंगल, सगळं त्याला चालत असे. अतिथंड उत्तरेत मात्र तो फारसा दिसत नाही.

आशियातून एक अपवाद पुढे आला आहे: चीनमध्ये हार्बिनजवळ मिळालेला जबड्याचा तुकडा २०२० मध्ये डायर वुल्फचा म्हणून जाहीर झाला. तो पक्का धरला तरी अलास्काकडच्या भूपट्टीवरून काही प्राणी आशियात उतरले, एवढंच म्हणता येईल. हिमालयाच्या अलीकडे कुणीही त्याचं हाड दाखवलेलं नाही. तरीही या प्राण्याच्या कागदोपत्री इतिहासात आपल्याकडचा एक प्राणी मध्येच येऊन उभा राहतो. तो किस्सा पुढच्याच उत्तरात.

५. पहिलं हाड कुणाला सापडलं? आणि नावं एवढी बदलली कशी?

१८५४ चा उन्हाळा. इंडियाना राज्यात एव्हान्सव्हिल गावाजवळ ओहायो नदीचं पाणी उतरलं होतं आणि पात्रात दाढांसकट एक जबडा मिळाला. तो फिलाडेल्फियाचे जीवाश्मतज्ज्ञ जोसेफ लीडी यांच्याकडे पोचला. त्या काळात अमेरिकेत कुठेही हाड निघालं की ते लीडींच्या टेबलावर जायचं. त्यांनी ही लांडग्याच्या वंशातली नामशेष जात ठरवली आणि नाव ठेवलं कॅनिस प्रायमिव्हस.

अडचण अशी की हे नाव आधीच घेतलं गेलं होतं. काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट असलेले ब्रायन हॉजसन यांनी १८३३ मध्ये तेच नाव आपल्या रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंद्याला दिलं होतं. ताडोबात, मेळघाटात सांबरामागे लागणारा तो तांबूस कोळसुंदा. एकच नाव दोन प्राण्यांना चालत नाही, म्हणून लीडींना माघार घ्यावी लागली आणि १८६९ मध्ये त्यांनी त्या जबड्याचं नाव कॅनिस इंडियानेन्सिस केलं.

दरम्यान, १८५८ मध्ये त्यांनीच नेब्रास्कातल्या नायोब्रारा नदीच्या खोऱ्यातल्या मणक्यांना कॅनिस डायरस असं नाव दिलेलं होतं. दोन्ही हाडं एकाच प्राण्याची आहेत हे तेव्हा त्यांना कळलेलं नव्हतं. ते पुढे जीवाश्मतज्ज्ञ जॉन मेरियम यांनी १९१२ मध्ये कॅलिफोर्नियातला भरपूर माल हाताशी आल्यावर नक्की केलं, आणि चालण्याजोग्या नावांत जुनं ते धरायचं या नियमाने ‘डायरस’ टिकलं.

यातली गंमत पुढेच आहे. ज्या कोळसुंद्याने डायर वुल्फचं नाव अडवलं, त्याचं स्वतःचं नावही टिकलं नाही. निसर्गशास्त्रज्ञ पालास यांनी त्याला १८११ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं, त्यामुळे हॉजसन यांचं ‘प्रायमिव्हस’ बाद झालं. आज तो क्युऑन अल्पायनस आहे. सातबाऱ्यावर तिसऱ्याचंच नाव निघावं तसं झालं.

६. एकाच ठिकाणी हजारो डायर वुल्फ सापडले म्हणतात. ते कसं काय?

ते ठिकाण म्हणजे लॉस एंजेलिस शहराच्या मध्यात असलेलं रँचो ला ब्रेआ. तिथून चार हजारांहून जास्त डायर वुल्फची हाडं निघाली आहेत. जगात इतरत्र मिळालेले सगळे एकत्र केले तरी या आकड्याच्या जवळ जात नाहीत. (‘ब्रेआ’ म्हणजे स्पॅनिशमध्ये डांबर, त्यामुळे ‘ला ब्रेआ टार पिट्स’ हा आणखी एक पिवळा पीतांबर.)

तिथे जमिनीखालचं खनिज तेल भेगांमधून वर येतं. हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डांबर उरतं. डांबराचा खोल तलाव आणि त्यात बुडणारे हत्ती, हे चित्र डोक्यातून काढून टाका. बहुतेक ठिकाणी डांबराचा थर काही सेंटीमीटरचाच असायचा. वर धूळ, पालापाचोळा, कधी पावसाचं पाणी. थंडीत तो घट्ट राहायचा, उन्हं तापली की मऊ व्हायचा. मे महिन्यात नुकत्याच केलेल्या रस्त्यावर चप्पल रुतून जागीच राहिलेली ज्याने पाहिली आहे त्याला जास्त समजावून सांगायला नको. तेवढ्याशा थरात बायसनसारखा जड प्राणी चारही पायांनी अडकला की सुटका नाही. जितका जोर लावेल तितका जास्त माखणार.

चार हजार हा आकडा दचकवतो, पण त्यामागे हजारो वर्षं आहेत. हिशेब असा मांडतात: दर तीस वर्षांत दहाएक मोठे प्राणी अडकले, आणि हे तीस हजार वर्षं चाललं, तर दहा हजार प्राणी होतात. म्हणजे तिथे रोज काही प्रलय होत नव्हता. एखाद्या माणसाने आयुष्यभर त्या जागेवर लक्ष ठेवलं असतं तर त्याला असा प्रसंग दोन-तीनदाच दिसला असता.

७. शिकारी प्राणी नेहमी थोडे असतात आणि शिकार जास्त. मग डांबरात उलटं प्रमाण कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क. कुठल्याही जंगलात हरणं शेकड्यांनी आणि वाघ मोजके. ला ब्रेआत मात्र सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांपैकी सुमारे ९० टक्के मांसाहारी आहेत. पहिला नंबर डायर वुल्फचा, दुसरा स्मायलोडॉन या लांब सुळ्यांच्या मार्जारकुळातल्या शिकाऱ्याचा, तिसरा कोयोटी या लांडग्याच्या छोट्या अमेरिकी भाऊबंदाचा.

कारण साधं आहे. अडकलेला एक घोडा किंवा बायसन ओरडतो, धडपडतो, नंतर त्याचा वास सुटतो. आयतं खाणं दिसल्यावर आजूबाजूचे शिकारी धावून येतात आणि एकामागोमाग एक स्वतःच चिकटतात. जाळ्यातला मासा खायला येऊन बगळ्यांनीच जाळ्यात सापडावं, तसं. एका शाकाहारी प्राण्यामागे अनेक मांसाहारी अडकले की शतकानुशतकं साठलेल्या हाडांचं प्रमाण उलटंच होणार. म्हणून ला ब्रेआच्या हाडांवरून ‘त्या काळी शिकारीच जास्त होते’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

८. आम्ही मुलाकडे अमेरिकेत जाणार आहोत. तिथे बघण्यासारखं काय आहे?

ला ब्रेआ विल्शायर बुलेव्हार्डवर, भर वस्तीत आहे. गाडीतून उतरल्याबरोबर वास येतो, रस्त्याचं काम चालू असल्यासारखा. बाहेरच्या मोठ्या डबक्यात मिथेनचे बुडबुडे येत असतात आणि काठावर मॅमथचे पुतळे उभे आहेत. मुलं तिथेच रमतात, पण मला त्याहून आवडली ती बागेतली हिरवळ. गवतातून मध्येच हाताएवढा काळा चकचकीत ठिपका वर आलेला असतो आणि त्याभोवती रहदारीचे नारिंगी शंकू ठेवलेले असतात. तीच जमीन अजून तोच उद्योग करते आहे.

आत, १९७७ मध्ये उघडलेल्या जॉर्ज सी. पेज संग्रहालयात, एक भिंत आहे. तिच्यावर डायर वुल्फच्या ४०४ कवट्या ओळीने मांडल्या आहेत, मागून नारिंगी-पिवळा उजेड. डांबराने सगळ्यांना तपकिरी रंग चढलेला. लांबून सगळ्या एकसारख्या दिसतात. जवळ जाऊन दोन-चार कवट्या नीट बघा. एकीचे सुळे टोकदार, शेजारचीचे झिजून बोथट. एकीच्या माथ्यावरचा हाडाचा कंगोरा उंच, दुसरीचा तेवढा नाही. त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर ‘जात’ या शब्दाचा अर्थ मला पुस्तकापेक्षा जास्त कळला: चारशे वेगवेगळे जीव, आणि तरी सगळे एकच.

शेजारच्या कला संग्रहालयाच्या तळघरातल्या पार्किंगचं खोदकाम २००६ मध्ये निघालं तेव्हा जीवाश्मांचे नवे साठे लागले. मातीसकट ते २३ लाकडी खोक्यांत भरून आणले. ती खोकी साफ करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. जायच्या आधी संग्रहालय उघडं आहे ना, एवढं पाहून घ्या.

९. काय खायचा? हाडं फोडून खायचा हे खरं का?

घोडे, बायसन, उंट (हो, उंटाचं मूळ घर उत्तर अमेरिकाच), जमिनीवरचे मोठे स्लॉथ. हाडांतल्या कार्बन-नायट्रोजनच्या प्रमाणावरून हे कळतं, कारण खाल्लेल्या अन्नाची खूण हाडात उतरते.

दाढा जाड आणि चावा दणकट. सुळ्यांपाशी चाव्याचा जोर करड्या लांडग्यापेक्षा जवळपास तीस टक्के जास्त, असं गणित मांडलेलं आहे. पण हाडं फोडण्यात तरसाची बरोबरी नाही. तरसासारख्या खास हाडफोड्या दाढा त्याला नव्हत्या. दातांची मांडणी लांडग्याच्याच घाटणीची होती.

ला ब्रेआच्या शिकाऱ्यांमध्ये जिवंतपणीच तुटलेले, आणि तुटल्यावरही वापरून कडा गुळगुळीत झालेले दात आजच्या शिकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि फ्रिट्झ हर्टेल यांनी १९९३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्याचा अर्थ असा लावतात की खाणाऱ्यांची तोंडं फार होती, त्यामुळे जनावर शेवटच्या हाडापर्यंत साफ केलं जायचं. मला हा पुरावा फार बोलका वाटतो. शिकारीचा क्षण जीवाश्मात सापडत नाही, पण जेवणाची घाई दातात राहते.

१०. कळपाने राहायचा हे कशावरून? हाडांवरून सवय कशी कळते?

सरळ कळत नाही, आडून कळते. एक म्हणजे ला ब्रेआतली त्यांची संख्या. एका शिकारीमागे अनेक जण यायचे, हे कळपाने वावरणाऱ्यांनाच जमतं. दुसरं, नर आणि मादी यांच्या हाडांच्या मापात फार फरक नाही. ज्या प्राण्यांत एक नर अनेक माद्या सांभाळतो तिथे नर बराच मोठा असतो, सिंह पाहा. श्वानकुळात जोडी टिकते, दोघं मिळून पिल्लं वाढवतात, आणि तिथे हा फरक कमी असतो. डायर वुल्फ या दुसऱ्या गटात बसतो. कळपात किती जण असत, हे हाडं सांगत नाहीत.

११. मग ‘डायर वुल्फ हा लांडगाच नव्हता’ असं का लिहिता? दिसायला तर तसाच आहे.

कारण २०२१ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला आणि शंभराहून जास्त वर्षांची समजूत बदलली.

अँजेला पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या संग्रहालयांतून ४६ नमुने गोळा केले. त्यांतल्या फक्त पाचांमध्ये वाचण्याजोगा डीएनए होता: आयडाहो, वायोमिंग, टेनेसी, ओहायो अशा राज्यांतली हाडं, १३ हजार ते ५० हजारांहून जास्त वर्षं जुनी. अपेक्षा होती की हा करड्या लांडग्याचा जवळचा भाऊ निघेल. निघालं भलतंच. डायर वुल्फची वाट लांडगे, कोयोटी, कोळसुंदे यांच्या पूर्वजांपासून सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळी झालेली दिसली. अंतर समजायला एक माप: माणूस आणि चिंपांझी यांची ताटातूट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची.

म्हणजे सोलापूरचा लांडगा, कॅनडाचा लांडगा आणि तुमच्या सोसायटीच्या गेटवर झोपलेला मोती, हे तिघं एकमेकांच्या फार जवळचे. डायर वुल्फ त्या घरातला नाहीच. त्याचं घराणं अमेरिकेत वेगळं वाढलं; करड्या लांडग्याचे पूर्वज युरोप-आशियात वाढले आणि बऱ्याच उशिरा अमेरिकेत आले.

दुसरा धक्का संकराचा. श्वानकुळातले प्राणी सोयरीक करण्यात फार उदार. लांडगा-कोयोटी, लांडगा-कुत्रा, सगळे संकर होतात आणि त्यांची पिल्लंही वाढतात. डायर वुल्फ आणि लांडगे एकाच प्रदेशात हजारो वर्षं होते, तरी या पाच नमुन्यांत संकराची खूण नाही. खूप आधी, त्याच्या घराण्याच्या सुरुवातीलाच, दोन जुन्या शाखांचं मिश्रण झालं असावं, असा एक दावा २०२५ मध्ये पुढे आला आहे (तो करणारे म्हणजे प्रश्न १८ मधल्या कंपनीचेच शास्त्रज्ञ). तो टिकला तर ५७ लाखांचा आकडा बदलेल. लांडग्याचा सख्खा भाऊ मात्र तो त्यानेही होत नाही.

१२. नातं नाही तर एवढं साम्य कसं?

काम सारखं असलं की अवजार सारखं होतं. मोठ्या जनावरामागे लांब पळायचं, कळपाने घेरायचं, चावून खाली ओढायचं, या धंद्याला जे शरीर लागतं ते दोन्हीकडे घडलं. शिवाय दोघांचाही मूळ पूर्वज श्वानकुळातलाच, त्यामुळे सुरुवातीचा साचा एक होता.

दिसण्यावरून नातं ठरवलं की फसायला होतं, हे आपल्याला नवीन नाही. तरस बघा: दिसतं कुत्र्यासारखं, पण नात्याने ते मांजर आणि मुंगूस यांच्या बाजूचं. नावावर तर बोलायलाच नको. खवले मांजर हे मांजर नाही, उदमांजरही मांजर नाही. त्याच ओळीत डायर वुल्फ बसवा.

१३. पाळीव कुत्रा डायर वुल्फपासून आला का?

नाही. कुत्रा करड्या लांडग्याच्या पूर्वीच्या एका शाखेपासून आला. मोठ्या डोक्याचा मास्टिफ पाळणाऱ्यांनी ‘डायर वुल्फचं रक्त’ अशी जाहिरात पाहिली असेल, तर ती जाहिरातच समजावी.

१४. इतिहासातला सगळ्यात मोठा कुत्रा हाच ना?

नाही. श्वानकुळातलाच एपिसायन नावाचा आणखी जुना वंश होता, तोही उत्तर अमेरिकेतला, आणि त्याच्यातली मोठी जात डायर वुल्फपेक्षा बरीच थोराड होती. अँफिसायन, म्हणजे ‘अस्वल-कुत्रा’, त्याहूनही मोठा. पण ते कूळच वेगळं, ना अस्वलाचं ना कुत्र्याचं. अँफिसायनचे जीवाश्म आपल्या उपखंडात शिवालिक टेकड्यांमध्ये मिळाले आहेत. भारताशी नातं सांगणारा प्राणी हवा असेल तर तो शोधा.

१५. माझ्या पुस्तकात ‘कॅनिस डायरस’ छापलंय. पुस्तक चुकीचं आहे का?

पुस्तक २०२१ च्या आधीचं असेल तर त्याचा दोष नाही. एनोसायन हा वेगळा वंश मेरियम यांनी १९१८ मध्येच सुचवला होता, निव्वळ हाडं बघून. पण पुढच्यांना ते पटलं नाही आणि हा प्राणी पुन्हा कॅनिसमध्ये, लांडग्याच्या वंशात, गेला. शंभर वर्षांनी डीएनएने मेरियम यांच्या बाजूने कौल दिला (प्रश्न ११). परीक्षेत मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकात जे असेल ते लिहा.

१६. नामशेष का झाला?

मोठी शिकार संपली, म्हणून मोठा शिकारीही संपला, हा ढोबळ अंदाज. हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून घोडे, उंट, मॅमथ, जमिनीवरचे स्लॉथ, सगळे गेले.

ला ब्रेआपुरतं बोलायचं तर चित्र जास्त स्पष्ट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या हाडांचं वय काटेकोर काढलं गेलं. १२,९०० वर्षांपूर्वीपर्यंत डायर वुल्फ, स्मायलोडॉन आणि इतर मोठे प्राणी तिथून नाहीसे झालेले दिसतात. त्याच्या आधीच्या दोन-तीनशे वर्षांत त्या भागातल्या एका तलावाच्या गाळात कोळशाचं प्रमाण एकदम वाढतं, म्हणजे वणवे. हवा तापत होती, पाऊस कमी होत होता, झाडी बदलत होती आणि माणसांची संख्या वाढत होती. आग लावणारा हात माणसाचा होता, असं अभ्यासकांना वाटतं. इतर भागांत डायर वुल्फ आणखी काही काळ तगला असेल.

१७. मग त्याच वेळी लांडगा आणि कोयोटी कसे वाचले?

कोयोटीला काहीही चालतं: उंदीर, ससे, फळं, मेलेलं जनावर. मोठी शिकार गेल्यावर त्याने छोट्यावर भागवलं, आणि तो स्वतःही लहान झाला. हिमयुगातला कोयोटी आजच्यापेक्षा थोराड होता. करडा लांडगा अमेरिकेपुरता मर्यादित नव्हता, अर्ध्या जगात पसरलेला होता, आणि चपळ हरणांमागे पळायला जास्त हलका. डायर वुल्फचं शरीर जड शिकारीला बेतलेलं. दुसऱ्या जातीशी संकरही नाही, म्हणजे नव्या हवामानाला उपयोगी पडणारे जनुक उसने मिळण्याची वाटही बंद. हा शेवटचा मुद्दा तर्काचा आहे, पण मला तो पटतो.

१८. २०२५ मध्ये जन्मलेली पिल्लं खरे डायर वुल्फ आहेत का?

नाहीत. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

कोलोसल बायोसायन्सेस या अमेरिकी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये रोम्युलस, रेमस आणि खलीसी या तीन पिल्लांची घोषणा केली. पहिले दोघे ऑक्टोबर २०२४ मध्ये जन्मले, खलीसी जानेवारी २०२५ मध्ये. कंपनीने ओहायोतला सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीचा दात आणि आयडाहोतली सुमारे ७२ हजार वर्षांपूर्वीची कवटी यांतून डायर वुल्फचा डीएनए वाचला. मग करड्या लांडग्याच्या पेशी घेतल्या, त्यांच्या १४ जनुकांमध्ये २० बदल केले, त्या पेशींपासून क्लोन केलेले भ्रूण पाळीव कुत्रीच्या गर्भाशयात वाढवले.

आता हिशेब करा. लांडग्याच्या जनुकसंचात सुमारे २४० कोटी अक्षरं. दोन प्राण्यांमध्ये ९९.५ टक्के साम्य, असं कंपनीच म्हणते. उरलेला अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाख अक्षरांचा फरक. त्यातले वीस बदलले. ज्ञानेश्वरीतले वीस शब्द तुकोबांच्या गाथेत चिकटवून त्याला ज्ञानेश्वरी म्हणता येईल का?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या श्वानकुळ तज्ज्ञगटानेही ही पिल्लं डायर वुल्फ नाहीत असंच सांगितलं. कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शापिरो यांनीही पुढे ती ‘वीस बदल केलेले करडे लांडगे’ असल्याचं मान्य केलं. तंत्र म्हणून काम मोठं आहे, हे मीही मानतो. एकाच वेळी वीस बदल करून धडधाकट पिल्लं जन्माला घालणं सोपं नाही. पण बातमीचा मथळा त्या कामाचा नव्हता.

१९. पण ती पांढरी आहेत. डायर वुल्फ पांढरा होता हे कसं कळलं?

हाडांवरून रंग कळत नाही. डीएनएवरून कातडी फिकट असल्याचा अंदाज कंपनीने मांडला. मात्र डायर वुल्फमधले रंगाचे काही बदल लांडग्यात केले तर बहिरेपणा येण्याचा धोका होता, म्हणून फिकट रंगासाठी लांडग्या-कुत्र्यांत आधीच माहीत असलेले बदल वापरले गेले. म्हणजे त्या पिल्लांचा पांढरा रंग डायर वुल्फकडून आलेला नाही. जुन्या चित्रांत तो तांबूस-तपकिरी रंगवलेला असतो, तोही चित्रकाराचा अंदाज.

२०. ला ब्रेआत एवढी हाडं आहेत, तर त्यांचाच डीएनए का नाही काढला?

काढायचा प्रयत्न झाला, मिळाला नाही. डांबराने हाडं सुरेख टिकवली, डीएनए नाही. २०२१ च्या अभ्यासात तिथल्या हाडातून कोलॅजेन हे प्रथिन मात्र मिळालं आणि त्यानेही ‘हा लांडग्यांहून वेगळा’ असाच इशारा दिला. जगातला सगळ्यात मोठा साठा जिथे आहे तिथे नेमकी हीच गोष्ट नाही, आणि निकाल लागला तो गुहांतून आणि नदीकाठांवरून आलेल्या पाच तुकड्यांवर. थेट क्लोन का करता येत नाही याचंही उत्तर यातच आहे: क्लोनला अखंड पेशी लागते, आणि हजारो वर्षांनी हातात उरतात ते डीएनएचे बारीक तुकडे.

२१. आमच्या शेतात विहीर खणताना मोठा दात सापडला. डायर वुल्फचा असेल का?

डायर वुल्फचा नाही (प्रश्न ४). बहुतेक वेळा फोटो उघडल्यावर म्हशीची किंवा बैलाची दाढ निघते. पण लगेच फेकून देऊ नका. गोदावरी, प्रवरा, घोड यांच्या काठच्या जुन्या गाळात हिमयुगातल्या प्राण्यांची हाडं खरोखर मिळतात. गोदावरीच्या गाळातल्या प्राचीन हत्तीची नोंद तर भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्येच केली आहे. दात वजनाला दगडासारखा जड लागतो का ते बघा. किती फुटांवर, मातीच्या कोणत्या थरात मिळाला ते लिहून ठेवा, दगडाने ठोकून किंवा ॲसिडने साफ करू नका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून वरून, बाजूने आणि चावायच्या पृष्ठभागाचा असे तीन फोटो काढा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. म्हशीची निघाली तर कोनाड्यात ठेवा, मुलांना दाखवायला बरी पडते.